टेक्ससच्या व्हर्सायमधलं आवर्तन

शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही डॅलसजवळच्या प्लेनोहून, बहिणीच्या घरून निघालो. गाडी मीरा चालवत होती. मीरा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, जन्मानं डॅलसची, वय चौतीस. तिच्या शेजारी माझा थोरला भाऊ होता, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. त्याची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, आणि कालवा निरीक्षक म्हणून तो नगर जिल्ह्यातून निवृत्त झाला. मागच्या सीटवर मी होते, आणि माझ्या बाजूला बहिणीनं दिलेला थालीपिठांचा डबा.

आम्ही एका बागेत चाललो होतो. सव्वा तासाच्या अंतरावर, चुनखडीच्या एका टेकडीवर, फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्याची आणि बागेची लहान प्रतिकृती आहे. मीरा तिथल्या कारंज्यांची देखभाल करते. त्याआधी ती बेलव्ह्यूला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. ती नोकरी सोडून तिला पाच वर्षं झाली, तरी तिच्या आईला ते पटलेलं नाही.

शहराच्या कडेला नव्या घरांचे लाकडी सांगाडे लागले, मग कुरणं. सप्टेंबरचा शेवट होता. जुलैपासून पाऊस नव्हता आणि गवताचा रंग पोत्यासारखा झाला होता. एका पेट्रोल पंपाच्या दुकानातून मीरानं कोलाची आणल्या (मऊ, गोडसर पावात भरलेला जॅम किंवा सॉसेज, टेक्ससमध्ये येऊन राहिलेल्या चेक लोकांचा पदार्थ).

"मामा, तुझ्यात मीट नाहीये. ॲप्रिकॉट आहे. आय चेक्ड."

दादानं हातातली कोलाची उलटसुलट पाहिली. "म्हणजे आपला क्रीमरोलच. फक्त त्यावर कुणीतरी बसल्यासारखा."

मीरा हसली नाही. ती सकाळपासून कमी बोलत होती. हायवे सोडल्यावर तिनं आपणहून सांगितलं.

"आज बागेचं बोर्ड येतंय, मावशी. तिघं जण. दे वाँट टू फिल इट इन. तिन्ही हौद मातीनं भरायचे, वर खडी टाकायची, कॅक्टस लावायचे. दुष्काळात सिटीचं पाणी कारंज्यांना वापरता येत नाही ना. मी म्हटलं, एकदा फक्त पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर चालवून दाखवते. खालचं मोठं कारंजं चाललं तर ठेवा."

"आणि नाही चाललं तर?" मी विचारलं.

"तर खडी. खडीला कारंजेवाली लागत नाही."

बागेचं लोकांसाठीचं दार टेकडीच्या पायथ्याशी आहे. आत शिरल्यावर पहिल्यांदा दिसतात ते घोडे. सूर्यदेवाचा रथ पाण्यातून वर येतो आहे अशी मूळ कल्पना. चार घोडे छातीपर्यंत पाण्याबाहेर, मागे रथ. आम्ही पोचलो तेव्हा हौद कोरडा होता आणि घोडे सिमेंटमध्ये रुतल्यासारखे दिसत होते. एकाच्या डोक्यावर काळा पक्षी बसला होता. तिथून सरळ रेषेत वर पाहिलं की कातरलेल्या झाडांच्या दोन भिंती, मध्ये चढती हिरवळ (त्या दिवशी पिवळी), पायऱ्या, आणि माथ्यावर फिकट दगडाचं घर.

हे घर बांधणारा माणूस इथलाच. पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून तो फ्रान्सला गेला होता. एका दिवसाची रजा मिळाली, ती त्यानं व्हर्सायमध्ये घालवली. पुढे तेलात त्याचं नशीब उघडलं. टेकडी विकत घेऊन त्यानं आठवणीतून आणि नकाशांवरून हे सगळं उभं केलं. घर आतून दाखवणारे स्वयंसेवक एक निवृत्त शाळामास्तर होते. त्यांची हॅट डोक्यावर कमी आणि हातात जास्त असायची. मूळ राजवाड्यात आरशांचं एक प्रसिद्ध लांबलचक दालन आहे. इथे त्याच्या जागी एक ओसरी आणि पाच आरसे आहेत. मास्तरांनी ते न लाजता दाखवले.

मूळ राजवाड्याचा इतिहास त्यांनी सांगितला तो थोडक्यात असा. सतराव्या शतकाच्या आरंभी व्हर्सायला दलदल आणि जंगल होतं. राजानं तिथे शिकारीसाठी एक बंगली बांधली. त्याच्या मुलानं, स्वतःला सूर्य म्हणवून घेणाऱ्या राजानं, तिचा राजवाडा केला. त्यामागे एक मेजवानी होती. राजाच्या खजिनदारानं आपल्या नव्या घरी आणि बागेत राजाला जेवायला बोलावलं. बाग राजाच्या कुठल्याही बागेपेक्षा सरस होती. काही आठवड्यांत खजिनदार तुरुंगात गेला, आणि त्याचा वास्तुकार, चित्रकार आणि बागेचा आखणीकार तिघंही राजाच्या कामावर रुजू झाले.

"आमच्याकडे चांगली बाग असली की शेजारी फक्त कुंड्या पळवतात," दादा मला मराठीत म्हणाला.

मास्तरांनी भारतात असे राजवाडे आहेत का, असं विचारलं. दादानं त्यांना पुण्याच्या शनिवारवाड्याबद्दल सांगितलं: वाडा जळून गेला, पण कमळाच्या आकाराच्या मोठ्या कारंज्याचं बांधकाम राहिलं, आणि त्याचं पाणी कात्रजच्या तलावाहून नळानं येत असे. किती लांबून, किती उतारानं, हे मास्तरांनी नीट विचारून घेतलं. मग म्हणाले, "व्हर्सायची रड नेमकी तीच होती. पाणी."

राजाला शेकडो कारंजी हवी होती आणि जागा उंचावर होती. खालच्या नदीवर चौदा प्रचंड चाकांचं यंत्र बसवून पाणी वर चढवलं. ते पुरलं नाही. दूरची एक नदी कालव्यानं वळवायला हजारो सैनिक लावले. त्यातले कितीतरी तापानं मेले, युद्ध सुरू झालं आणि काम अर्धवट राहिलं. सगळी कारंजी एका वेळी चालवता येतील इतकं पाणी काही मिळालं नाही. म्हणून एक पद्धत निघाली. राजा फिरायला निघाला की कारंजेवाले झुडपांआड उभे राहत. राजा जवळ आला की शिट्टी, पाणी सुरू. राजा वळणाआड गेला की शिट्टी, पाणी बंद, आणि तेच पाणी पुढच्या कारंज्याला. राजाला आपली बाग सदैव वाहती दिसत असे. ती कोणत्या क्रमानं पाहावी याचं टिपणही त्यानं स्वतः लिहून ठेवलं होतं.

"हेडलाही राजा आणि टेललाही राजाच," दादा म्हणाला. हेड म्हणजे कालव्याच्या तोंडाजवळचे शेतकरी, टेल म्हणजे शेवटच्या टोकाचे. "मधे कुणी नाहीच. सोपं काम आहे."

मीराची योजना याच पद्धतीवर होती. घराच्या मागे, टेकडीच्या सर्वांत उंच जागी, छपरांवरचं पावसाचं पाणी साठवणारी टाकी आहे. तिथून उतारानं पाणी तीन कारंज्यांना जातं: घरासमोरचा हौद, मधल्या पायऱ्यांवरची बेडकं, आणि तळाचा सूर्यरथ. खाली आलेलं पाणी पंपानं परत वर नेण्याचे जुने नळ फुटले आहेत, म्हणून ते आता ओकच्या झाडांना सोडलेलं आहे. टाकीत त्या दिवशी सव्वीस मिनिटांचं पाणी होतं. पाणी मिनिटांत मोजलेलं पाहून दादा खूश झाला. कालव्यावर ते तासांत मोजतात.

"वरच्याला सिक्स, बेडकांना एट, सूर्याला ट्वेल्व्ह," मीरा म्हणाली. "मी बोर्डाबरोबर चालणार. एक शिट्टी म्हणजे सुरू, दोन म्हणजे बंद. टेरेसा वरचा व्हॉल्व्ह बघेल आणि मग गाडीनं मागच्या रस्त्यानं खाली जाईल. मधल्या व्हॉल्व्हवर आमचा दुसरा माळी रॉय होता, पण तो काल शिडीवरून पडला. सो..."

"मी थांबतो की," दादा म्हणाला.

टेरेसा वीस वर्षं इथे माळीकाम करते. तिनं दादाला हातमोजे दिले आणि व्हॉल्व्हचं चाक कोणत्या बाजूला फिरतं ते हातानं दाखवलं. दादानं ते फिरवून पाहिलं, किती आटे आहेत ते मोजलं, आणि मीराला म्हणाला, "शिट्टीवर ठेवू नकोस. घड्याळावर ठेव. कुणी बोलत बसलं तर?"

"मामा, दे आर द बोर्ड. त्यांना घड्याळ कसं दाखवणार?"

"बरं," दादा म्हणाला.

मधल्या कारंज्याची गोष्ट मीरानंच आम्हाला सांगितली. सूर्यदेवाची आई तान्ह्या मुलांना घेऊन फिरत असताना एका तळ्यावर पाणी प्यायला थांबली. गावकऱ्यांनी तिला पिऊ दिलं नाही, पाणी गढूळ केलं. देवांनी त्या गावकऱ्यांची बेडकं केली. व्हर्सायला आहे तसंच इथेही: मध्ये आई, भोवती दगडी बेडकं, आणि त्यांच्या तोंडातून तिच्या दिशेनं उडणाऱ्या धारा. काही जणांचं फक्त तोंड बेडकाचं झालंय, अंग अजून माणसाचं आहे.

"पाणी अडवलं म्हणून बेडूक?" दादा म्हणाला. "आमच्या कालव्याच्या चारीवर मग माणूस शिल्लक राहिला नसता."

तिथे उभं असतानाच माझ्या घोट्यापाशी आग झाली. चपला घालून गवतात उभी होते आणि खाली लाल मुंग्यांचं वारूळ होतं. मीरानं तिच्या पिशवीतून मलम काढून दिलं. इथे सगळ्यांच्या पिशवीत ते असतं.

बोर्डाचे तिघं दहाला आले. दोन पुरुष, त्यातल्या एकानं त्या उन्हातही टाय लावला होता, आणि अध्यक्षबाई. बाग उभारणाऱ्या माणसाची ही नात, वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, कपडे साधे. मीरानं माझी ओळख भारतातून आलेली मावशी अशी करून दिली. बाईंनी मला बरोबर चालायला सांगितलं.

वरचा हौद ठरल्याप्रमाणे सुरू झाला. टायवाल्यांनी फोटो काढले, त्यात एक मिनिट जादा गेलं. मीराच्या दोन शिट्ट्या झाल्या, हौद शांत झाला, आणि आम्ही पायऱ्या उतरून बेडकांपाशी आलो. एक शिट्टी. झुडपामागे दादानं चाक फिरवलं असणार. बेडकांच्या तोंडांतून आधी हवा, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी आलं. मी घड्याळ पाहिलं. दहा बावीस.

अध्यक्षबाई समोरच्या बाकावर बसल्या.

त्या लहानपणी इथे सुट्टीला येत. प्रत्येक बेडकाला त्यांनी नाव ठेवलं होतं. त्या नावं सांगू लागल्या: हा आमचा बँकर, ही चर्चमधली ऑर्गनवाली, हा जाड्या माझा काका. टायवाले हसले. बाईंना आणखी आठवलं. दहा एकोणतीस झाले. मीराच्या हातात शिट्टी होती. ती टाकीच्या दिशेनं बघत होती आणि बाईंच्या बोलण्यावर मान डोलावत होती. दहा तीस झाले, म्हणजे बेडकांची आठ मिनिटं संपली. बाई बोलतच होत्या. खालच्या रथासाठी किती उरलं याचा हिशेब मीराला माझ्यापेक्षा नक्कीच लवकर करता येत होता, पण तिनं शिट्टी वर उचलली नाही.

दहा बत्तीसला बेडकांच्या धारा खाली आल्या, थेंबथेंब झाल्या आणि थांबल्या. शिट्टी झालेली नव्हती.

बाई बोलता बोलता थांबल्या. टायवाल्यांनी मीराकडे पाहिलं. झुडपाच्या कडेनं दादा बाहेर आला, हातमोजे काढत. तो बाईंसमोर उभा राहिला आणि कार्यालयीन इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, युवर टर्न इज ओव्हर. टेल-एंड इज वेटिंग."

"हा कोण?" बाईंनी मीराला विचारलं.

"माझा मामा," मीरा म्हणाली. मग पुढे, "ते भारतात कालवा चालवायचे."

बाई दादाकडे वळल्या. "कोण थांबलंय?"

दादानं खाली बोट दाखवलं. दाराजवळ, कोरड्या घोड्यांभोवती, सकाळी आलेली माणसं उभी होती. तीन मुलांना घेऊन आलेलं एक कुटुंब होतं, एक म्हातारं जोडपं, आणखी चारपाच जण. कुणी वर आलं नव्हतं. ऊन फार होतं आणि वर काय आहे ते खालून कळत नाही.

बाईंनी बराच वेळ तिकडे पाहिलं. मग काठी घेऊन उठल्या. "चला," त्या म्हणाल्या. "पाणी अडवणाऱ्यांचं काय होतं ते मी लहानपणापासून समोर बघतेय."

उतार त्यांनी हळूहळू उतरला. त्या चालत होत्या तेवढ्या वेळात पाणी कुठेच खर्च होत नव्हतं. दहा पंचेचाळीसला मीरानं शिट्टी वाजवली. रथाखालून खोकल्यासारखा आवाज आला आणि मग मधली धार चढली, दुमजली घराएवढी. घोड्यांच्या दोन्ही बाजूंनी पाणी फुटलं. मुलं तुषारांत पळाली आणि त्यांच्या आईनं त्यांना थांबवलं नाही. अध्यक्षबाई कारंज्याकडे कमी आणि माणसांकडे जास्त पाहत होत्या.

नऊ मिनिटं धार टिकली. शेवटच्या मिनिटात ती हातभर, मग आणखी हातभर खाली आली आणि बसली.

"एवढंच होतं?" बाईंनी विचारलं.

"एवढंच," मीरा म्हणाली. "वरची दोन्ही मिळून चौदा मिनिटांत झाली असती तर याला बारा मिळाली असती. मी शिट्टी वाजवायला हवी होती."

टायवाले म्हणाले, कळवू. तिघं गाडीत बसून गेले.

आम्ही पार्किंगपर्यंत आलो. मग मीरा म्हणाली, "मामा, मी शिट्टी वाजवली होती का?"

"नाही."

"मग?"

"आठ मिनिटं झाली होती. वर दोन दिली, त्यांच्या वयाची. त्याहून जास्त कुणालाच देत नसतो."

"तिची बाग आहे ती, यार. तिच्या तोंडासमोर तू..."

"हेडच्या बागायतदाराचीही जमीन त्याचीच असते," दादा म्हणाला. "पाणी त्याचं नसतं."

मीरानं गाडी सुरू केली.

जेवायला रस्त्याकडेच्या एका साध्या जागी थांबलो. मक्याचा पाव, गोड घेवडा, आणि मक्याच्या पिठात घोळून तळलेली भेंडी. ही भेंडी टेक्ससमध्ये सर्रास मिळते आणि कुरकुरीत असते. दादानं ती दोनदा मागवली. मीरा फक्त बर्फ घातलेला चहा पीत होती. थोड्या वेळानं दादानं भेंडीची थाळी तिच्यासमोर सरकवली. तिनं एक उचलली. मग तिनं त्याला विचारलं, कालव्यावर लोक भांडायला आले की काय करायचास. "ऐकून घ्यायचो," दादा म्हणाला. "चाकावरचा हात न काढता." तिनं आणखी एक भेंडी घेतली. थालीपिठं आम्ही परतताना गाडीत संपवली.

दादा आणि मी आठ दिवसांनी पुण्याला परतलो. त्या आठ दिवसांत दादानं मला तीनदा विचारलं, बाई रागावल्या होत्या का.

बोर्डाचा निर्णय आम्ही परतल्यावर दोन आठवड्यांनी आला. मीरानं व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवला. तळाचं कारंजं राहणार. रोज ठरलेल्या वेळी, दाराशी पाटी लावून, फक्त पावसाच्या पाण्यावर. वरचा हौद आणि बेडकं पाऊसमान सुधारेपर्यंत बंद. मसुदा अध्यक्षबाईंनी स्वतः लिहिला होता. मीरा कामावर आहे.

व्हर्सायला आजही सगळी कारंजी सगळा वेळ चालत नाहीत. ठरलेले दिवस आणि वेळा असतात. छापील वेळापत्रक हातात घेऊन लोक एका हौदाकडून दुसऱ्याकडे जातात. राजा होता तोवर पाणी त्याच्या मागे धावत होतं. तो गेल्यावर माणसं पाण्याच्या वेळेनं चालू लागली. पण हे बदलताना कुणाची तरी आवडती जागा कोरडी झाली असणार, आणि त्याची नोंद इतिहासात शोधून सापडायची नाही.

दादानं निर्णय ऐकला आणि तो खूश झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला मीराला फोन लावायला सांगितला.

"बेडकांचा व्हॉल्व्ह जुना आहे," तो तिला म्हणाला. "पाणी फिरलं नाही तर धरून बसेल. महिन्यातून एकदा तरी सोडायला पाहिजे."

"मामा, तो व्हॉल्व्ह लास्ट इयर बदललाय. ब्रँड न्यू आहे."

"जुना आहे," दादा म्हणाला. "तू लिहून दे. मी पाहिलाय म्हणून सांग."

पलीकडून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "ओके," मीरा म्हणाली. "आठ मिनिटं?"

"दहा."

महिन्याच्या पहिल्या शनिवारी, बाग उघडायच्या आधी, बेडकांना पाणी सोडतात. अध्यक्षबाई काठी घेऊन येतात आणि बाकावर बसतात. मीराच्या नोंदवहीत कारण लिहिलेलं असतं: व्हॉल्व्हची देखभाल.